वंदनाचे चार संशयित

आटगाव स्टेशनापासून चालत वीस मिनिटांवर, हायवेला लागून जी मोठी गोदामं उभी राहिली आहेत, त्यांतल्या एकाच्या फाटकावर वंदना नऊ वर्षं झडतीला होती. झडती हा तिचा शब्द. ठेकेदाराच्या कागदावर 'महिला सुरक्षारक्षक' असं लिहिलेलं होतं. पण दुपारी दोनला पाळी सुटली की शे-दीडशे बायका-पोरी तिच्या पडदा लावलेल्या खोलीतून एकेक करून जात, आणि वंदना त्यांच्या पिशव्या, डबे, ओढणीची टोकं, एखादीचा अंबाडासुद्धा चाचपून बघे. भाताखाली दडवलेले इयरफोन तिने काढले होते. थर्मासच्या आतल्या काचेमागे सरकवलेलं घड्याळ काढलं होतं. "तोंडाकडं बघूच नये," ती नव्या रक्षक बायांना सांगे, "तोंड काय पण सांगतं. हातांकडं बघा."

हा स्वभाव फाटकापुरता राहिला असता तर बरं होतं. घरीही तेच. दूधवाल्याने माप जरा लवकर उचललं की ती टोपातलं दूध दुसऱ्या भांड्यात ओतून बघायची. शेजारी नव्याने राहायला आलेल्या बाईने जरा जास्तच गोड आवाजात "जय भीम, ताई" म्हटलं, तर हिचं पहिलं वाक्य, "काय काम हाय का?" नवरा सतीश कल्याणला एका बँकेत शिपाई. तो हसून म्हणायचा, "हिच्यापुढं आरशानं पण ओळखपत्र दाखवायला हवं."

पण हा संशय काही ती जन्माला घेऊन आली नव्हती. मुरबाडकडच्या एका गावात, गावाच्या टोकाला बुद्धवाड्यात तिचं लहानपण गेलं. आई, धोंडाबाई, लावणीला आणि कापणीला दुसऱ्याच्या शेतावर जायची. वंदना सात-आठ वर्षांची असताना त्या घरच्या सुनेचं पैंजण हरवलं, आणि अंगणात उभं करून धोंडाबाईच्या लुगड्याचा ओचा सोडायला लावला. चार दिवसांनी पैंजण गोठ्यात पेंढ्याखाली सापडलं. सांगायला कोणी आलं नाही. उडत उडत कळलं. धोंडाबाई पुन्हा त्या घरी कामाला गेली नाही, एवढंच. वंदनाने मात्र त्यातून एक गोष्ट घेतली. जगात झडती देणारे असतात आणि घेणारे असतात, आणि आपण घेणाऱ्यांच्या बाजूला जायचं. दहावी झाली, लग्न झालं, आता नर्सिंगला कल्याणच्या वसतिगृहात असलेली मुलगी शाळेत रुळली, आणि वंदनाला ही खाकी पँट मिळाली, तेव्हा तिला आतून समाधान वाटलं होतं. आईला तिने कधी ते सांगितलं नाही.

त्या वर्षी दिवाळीची गडबड संपल्यावर गोदामात माल मोजला, तर सात मिक्सर कमी भरले. सात मिक्सर काही ओढणीत बांधून जात नाहीत. सुरक्षा अधिकारी जगदीश साहेबांनी सगळ्या रक्षकांना उभं करून सांगितलं, "आतला माणूस सामील असल्याशिवाय हे होत नाही. डोळे उघडे ठेवा." वंदनाला हे सांगायची गरज नव्हती. त्या दिवसापासून तिने दोन गोष्टी लक्षात ठेवायला सुरुवात केली. कोण जास्त बोलतंय, आणि कोण अजिबात बोलत नाही.

अजिबात न बोलणाऱ्यांत एक वर्षा होती. वय बावीस-तेवीस. टोकावड्याच्या पलीकडच्या कातकरवाडीतली. आश्रमशाळेत बारावी केलेली, आसनगावला मामीकडे राहून पॅकिंगच्या टेबलावर कामाला येणारी. काम चोख. पण जेवणाच्या सुट्टीत बाकीच्या पोरी एका घोळक्यात बसत, आणि ही भिंतीकडे तोंड करून गुडघ्यावर काहीतरी लिहीत बसे. मोबाईल फाटकावर जमा करावा लागे, त्यामुळे फोन नव्हे, कागदच. कोणी जवळ गेलं की कागद घडी होऊन आत.

एका मंगळवारी दुपारी वंदनाने तिच्या डब्याच्या पिशवीत हात घातला, तर अस्तराच्या आत काहीतरी कडक लागलं. अस्तर एका बाजूने उसवलेलं होतं. आत चार घड्या घातलेला चौकटीचा कागद.

वंदनाने तो उलगडला. पेन्सिलीने आखलेला मोठा चौकोन, त्यात सोळा ओळी, प्रत्येक ओळीत सोळा घरं. काही घरं रिकामी. बाकीच्यांत बारीक अक्षरं: का, का, वि, वि, पि, पां, का.

"काय हाय गो हे?"

"चित्र हाय, म्याडम."

"याला चित्र म्हणतात?"

वर्षाने तोंड उघडलं, मागे रांगेत उभ्या असलेल्या पोरींकडे पाहिलं, आणि पुन्हा मिटलं. तिचे हात पिशवीच्या बंदाशी चाळा करत होते. वंदना हातांकडेच बघत होती.

"आणि चित्र हाय तर अस्तरात कशाला?"

"असंच ठेवलं. पोरी हसतात."

वंदनाने कागद ठेवून घेतला. जगदीश साहेब फोनवर होते. त्यांनी हातानेच 'उद्या बघू' अशी खूण केली. मग ती तो कागद घरी घेऊन आली, आणि चहा न घेताच मुलीच्या जुन्या गणिताच्या वहीत घर न घर उतरवून काढला. साहेबांवरही तिचा पूर्ण विश्वास नव्हता. उद्या हे प्रकरण मोठं निघालं आणि साहेबांनी ते आपल्या नावावर खपवलं तर? नक्कल आपल्याजवळ असलेली बरी.

उतरवता उतरवता तिला ते दिसलं. पि म्हणजे पिंट्या, टेम्पोवाला. पां म्हणजे पांडुरंग, स्टोअरचा क्लार्क. वि म्हणजे विलास, माल चढवणारा. आणि का? का नावाचं कोणी गोदामात नव्हतं. पण 'का' सगळ्यांत जास्त वेळा आला होता, आणि जिथे जिथे बाकीचे तिघे होते तिथे तिथे बाहेरच्या बाजूने 'का' उभा होता. म्हणजे हा मुख्य. बाहेर राहून कडं करणारा. काका? काळ्या? गोदामाच्या रॅकही ओळीत आणि घरांत मोजल्या जात. सोळा रॅका, सोळा कप्पे. सगळं जुळत होतं.

बुधवारी सकाळी तिने कागद साहेबांना दिला आणि सोबत रजिस्टरमध्ये स्वतःच्या अक्षरात नोंद केली: संशयास्पद सांकेतिक कागद मिळाला; चार इसम सामील असण्याची शक्यता. तिघांची नावं लिहिली, चौथ्यापुढे प्रश्नचिन्ह. त्याच सकाळी वर्षाला फाटकावरूनच परत पाठवलं. तिने वाद घातला नाही. फक्त वंदनाकडे एकदा पाहिलं आणि आसनगावच्या रस्त्याला लागली. तिन्ही पुरुषांना ऑफिसात बोलावून तास-तासभर विचारलं गेलं. पिंट्याने शिव्या दिल्या. पांडुरंग, जो रोज "काय ताई, बरं हाय ना?" म्हणायचा, तो वंदनासमोरून मान फिरवून जाऊ लागला. मान का फिरवतो? वंदनाने तेही मनात टिपून ठेवलं.

चौथ्याचा पत्ता मात्र लागेना. तो डोक्यातून जाईना.

रविवारी सुट्टी होती. सतीश भावाकडे शहापूरला गेलेला. वंदनाने वही काढली, आणि मुलीच्या डब्यात उरलेले स्केचपेन घेतले. कोण कुठे उभा आहे हे नीट दिसावं म्हणून प्रत्येक माणसाला एक रंग द्यायचा, असं तिने ठरवलं. डब्यात चारच पेन चालत होते. पिंट्याला हिरवा, विलासला जांभळा, पांडुरंगाला गुलाबी, आणि त्या बाहेरच्याला निळा. तासभर जीभ दातांत धरून तिने घरं भरली. काही कळलं नाही. निळा सगळ्यांना घेरून होता, हिरवे दोन ठिकाणी गोल करून बसले होते, आणि त्या प्रत्येक गोलाच्या मधोमध पुन्हा एक निळा. बैठक? दोन बैठका?

वैतागून तिने वही मांडणीवर डब्यांना टेकवून ठेवली आणि तांदूळ धुवायला मोरीकडे गेली. पाणी ओतून मागे वळली, आणि थबकली.

मांडणीवरून कोणीतरी तिच्याकडे बघत होतं.

दोन वाटोळे डोळे, मध्ये चोच, खाली फुगवलेली छाती. छोटं घुबड. पिंगळा. निळ्या-जांभळ्या रंगाचा असला, चोच जरा वाकडी असली, तरी पिंगळाच. ती जवळ गेली, तर पुन्हा नुसती घरं. चार पावलं मागे आली, पुन्हा पिंगळा. तिने हे पाच-सहा वेळा केलं. तांदळाचं पाणी तसंच राहिलं.

मग तिला एकेक उमगत गेलं. पि म्हणजे पिवळा. डोळे. पां म्हणजे पांढरा, छातीवरचे ठिपके. वि म्हणजे विटकरी. आणि का म्हणजे काळा. बाहेरून काढलेली रेघ.

'चित्र हाय, म्याडम,' असं वर्षा म्हणाली होती.

सतीश आल्यावर तिने त्याला वही दाखवली. तो म्हणाला, "वा! तू काढलंस?" तिने वही मिटून मांडणीवर ठेवली. रात्रीचं जेवण तिला गेलं नाही. तरी मनाचा एक कोपरा म्हणतच होता, की चित्रातूनसुद्धा खुणा पाठवता येतात, कोणी सांगावं. संशयाचं असं असतं. एकदा अंगवळणी पडला की तो माफी मागायलाही उशिराच येतो.

सोमवारी तिने साहेबांना सांगितलं. जगदीश साहेब म्हणाले, "ताई, ते आता ठेकेदाराकडे गेलं. ती पोरगी रोजंदारीची. दुसरी येईल. तुम्ही कशाला डोकं लावता?" मूळ कागद त्यांच्या टेबलावर चहाच्या कपाखाली होता. त्यावर तपकिरी गोल उमटला होता. वंदनाने कप उचलून बाजूला ठेवला आणि कागद घेतला. 

पुढच्या रविवारी ती शहापूरहून मुरबाडला आणि मुरबाडहून टोकावड्याला एसटीने गेली. वर्षाचा गावचा पत्ता फाटकाच्या रजिस्टरमध्ये होताच, आणि काम गेल्यावर ती मामीकडून वाडीला परतली असं पोरींकडून कळलं होतं. वाडीच्या तोंडाशी जो ढाबा आहे, तिथे मागच्या बाजूला वर्षा आणि तिची आई प्रमिला दोघी भाकऱ्या थापत होत्या. प्रमिलाने परकी बाई बघितली, पायातले काळे बूट बघितले, आणि पोरीला म्हणाली, "कंपनीची गो. आत जा."

वर्षा आत गेली नाही. पिठाचे हात तसेच धरून उभी राहिली.

"आता काय घ्यायला आलाव?"

"द्यायला आली," वंदना म्हणाली, आणि कागद पुढे केला.

वर्षाने कागद घेतला नाही. चहाचा डाग बघितला. "कंपनीनं पाठवलं? सही पायजे कशावर?"

"कोणी नाय पाठवलं. माझी मीच."

"कशाला?"

खरं म्हणजे याचं उत्तर वंदनाने एसटीत तीन तास जुळवलं होतं. ते बाजूलाच राहिलं. तिने पिशवीतून वही काढली आणि आपला निळा-जांभळा पिंगळा उघडून दाखवला. "हे मी रंगवलं. मंग कळलं."

वर्षाने वाकून पाहिलं. ओळ न ओळ पाहिली. ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं, पण तिने ते दाबलं. "सातव्या ओळीत एक घर सुटलंय तुमचं," ती म्हणाली. "म्हणून चोच वाकडी. त्या ओळीतली पुढची सगळी घरं सरकली."

वंदनाला ते झोंबलं. नऊ वर्षांत तिच्या नोंदीत कोणी चूक काढली नव्हती. तिने बोट ठेवून घरं मोजली. पंधराच होती.

प्रमिला मागून म्हणाली, "फोन दाखव गो तिला. बघू दे काय काय चोरलंय ते." आवाजात विस्तव होता. वर्षाने हात धुतले आणि खरंच फोन आणून समोर धरला. एका फुकटच्या ॲपमध्ये शंभराच्या वर छोटी छोटी चित्रं होती. खेकडा. मोहाचं फूल. भाताची कणगी. शेळी, चारही पाय वेगवेगळे टाकलेली, जणू चालतेय. आश्रमशाळेतल्या एका सरांनी सुट्टीत हा नाद लावला, मग व्हिडिओ बघून बघून शिकली, पिक्सेल आर्ट म्हणतात याला, असं ती तुटक तुटक सांगत गेली. दिवसा फोन हातात नसायचा, म्हणून कागदावर अक्षरांनी मांडायचं आणि घरी येऊन फोनात भरायचं.

"मला शिकवशील?" वंदना विचारून गेली. विचारल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

वर्षाने फोन बंद केला. "नाय."

"का?"

"शिकते म्हणून सांगाल आणि आणखी काय काय लिहून न्याल. मला काय ठाऊक?" ती पुन्हा परातीपाशी बसली. मग पाठमोरीच म्हणाली, "आधी लिहून द्या. तुमची चूक झाली म्हणून. सही करून, कंपनीला. मंग बघू."

परतीच्या एसटीत वंदना चिडलेली होती. लिहून द्यायचं म्हणजे आपल्या हाताने आपल्या गळ्यात दोरी. उद्या तोच कागद दाखवून ठेकेदार आपल्याला काढेल. पोरगी दिसते तेवढी साधी नाही. शिकायला काय, ॲप तर फुकट आहे.

तिने ॲप घेतलं आणि कुलपाचं चित्र काढायला बसली. रोज तेच तर बघत होती. सोळा बाय सोळाच्या चौकोनात तिने कुलूप काढलं, ते पिशवीसारखं दिसलं. पुन्हा काढलं, ते दंतमंजनाच्या डब्यासारखं दिसलं. कडीचा गोल काही केल्या गोल होईना; दातेरी करवतीसारखा दिसे. तिने रंग वाढवले. सात रंग, नऊ रंग, बारा रंग. कुलूप चिखलात पडल्यासारखं झालं. दुपारची पाळी सुटून घरी आली की ओट्याशी उभं राहून हेच. सतीशला वाटलं, बायको फोनवर कोणाशी तरी बोलते. तो मागून येऊन बघायचा, आणि कुलूप बघून आणखीनच गोंधळायचा.

आठव्या दिवशी तिने हार मानून कुलपाचं चित्र रजिस्टरमधल्या वर्षाच्या नंबरावर पाठवलं. तासाभराने उत्तर आलं. एकच शब्द.

"कागद?"

तिने दुसरं कुलूप पाठवलं. उत्तर आलं, "कागद?"

ती चडफडली. पण तिसरं कुलूप पाठवण्याआधी तिने फाटकावरचं ते रजिस्टर काढलं, आणि स्वतःची नोंद पुन्हा वाचली. सांकेतिक कागद. कोणी सांगितलं सांकेतिक? चार इसम. कोणी सांगितलं चार? नावं तर तिने स्वतःच बारशाला बसल्यासारखी ठेवली होती. एकेका शब्दावर बोट ठेवून ती विचारत गेली, हे तुला कसं कळलं? एकाही शब्दाला उत्तर नव्हतं. आणि मग तिला अंगणात उभी असलेली धोंडाबाई दिसली, ओच्याची गाठ सोडताना. तिने रजिस्टर मिटलं, आणि फाटकाच्या बाहेर जाऊन दोन मिनिटं हायवेवरचे ट्रक बघत उभी राहिली.

त्याच दुपारी तिने अर्ज लिहिला. अमुक तारखेला मी दिलेली माहिती चुकीची होती. तो कागद चित्राचा होता. मी तो स्वतः रंगवून पाहिला आहे. त्यात कोणत्याही इसमाचे नाव नाही. सोबत चित्र जोडले आहे. खाली सही. अर्जाला तिने तो पिंगळा टाचणीने लावला. सातवी ओळ दुरुस्त करून, पिवळे डोळे आणि विटकरी पंख असलेला.

जगदीश साहेबांनी अर्ज वाचला, चित्र उलटसुलट करून पाहिलं. "हे पिंगळं मी वर पाठवू?"

"पाठवा."

"ताई, हे तुमच्यावर शेकेल."

"शेकू दे."

शेकलंच. तिला ताकीदपत्र मिळालं, आणि पुढच्या फाटकावरून उचलून मागच्या यार्डात टाकलं, जिथे फक्त ट्रकचे नंबर लिहायचे असतात. पडद्याची खोली गेली. पण महिनाभराने वर्षालाही बोलावणं आलं. ती आली, दुसरं काम हाताशी नव्हतं. पिंट्या आणि विलासने वंदनाला माफ केलं, म्हणजे निदान तिच्यासमोर थुंकायचं थांबवलं. मिक्सरांपैकी पाच पुढे परतीच्या मालाच्या रॅकमागे सापडले. दोन अजून सापडले नाहीत, आणि पांडुरंगाच्या बाबतीत वंदनाच्या मनात अजून थोडी जागा राखीव आहे. ती आता कुठे लिहीत नाही, एवढंच.

अर्जाचा फोटो पाठवला त्या दिवशी वर्षाकडून पहिल्यांदा दोन ओळी आल्या. "कुलूप बघितलं. आधी नुसती सावली भरा, एकाच रंगानं. तेवढ्यात ओळखू आलं तरच पुढं."

वंदनाने सगळं पुसलं आणि नुसता काळा आकार भरला. पिशवी. कडी उंच केली, अंग रुंद केलं, आणि तिसऱ्या खेपेला कुलूप दिसलं. एकाच रंगात. बारा रंगांत जे जमलं नव्हतं ते.

मग एकेक धडा येत गेला, कधी फोनवर, कधी जेवणाच्या सुट्टीत यार्डातल्या पिंपळाखाली. "पायऱ्या मोजा," वर्षा सांगे. गोल काढायचा तर घरं कशीही उतरत नाहीत. आधी तीन सरळ, मग दोन, मग एक, एक, मग खाली दोन, तीन. मधेच एखादी पायरी लहान-मोठी झाली की गोल मोडतो. वंदनाला हे पटकन जमलं. मोजणं तिच्या हाडात होतं. "चारच रंग. पाचवा मागायचा नाय," हे मात्र जड गेलं. त्याहून जड गेला उजेड. उजेड कुठून येतो ते आधी ठरवायचं, आणि मग प्रत्येक वस्तूला त्या बाजूने उजळ आणि दुसऱ्या बाजूने गडद करायचं. वंदना दोन्ही बाजूंनी उजळ करून ठेवायची.

"दोन दोन सूर्य हायत का तुमच्याकडं?" वर्षा म्हणाली.

"मला दोनी बाजू दिसायला पायजेत."

"तसं काय पण दिसत नाय मंग."

आणि तिचं कुंपण. वंदना प्रत्येक चित्राला चारी बाजूंनी जाड काळी रेघ घालायची. वर्षाने सांगितलं, उजेडाच्या बाजूची रेघ पातळ करा, फिकट करा, एक-दोन घरं काढूनच टाका. चित्र मोकळं होतं. वंदनाने एक घर काढलं. तिथून काहीतरी बाहेर सांडेल असं तिला वाटत राहिलं. दुसऱ्या दिवशी तिने ते परत भरलं. वर्षाला लगेच कळलं. यावर त्यांचं आजही एकमत नाही.

एका गोष्टीत मात्र तिला तोड नव्हती. चित्रात कुठेतरी एकटं पडलेलं, चुकून राहिलेलं एखादं घर असतं. ना रेघेचं, ना सावलीचं. वर्षाच्या जुन्या शंभर चित्रांतून वंदनाने एका बैठकीत अशी एकवीस घरं शोधून काढली. "हे इथं काय करतंय?" ती प्रत्येकावर बोट ठेवून विचारे. खेकड्याच्या नांगीवरचं एक वर्षाने वाचवायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, ते ओलं चमकतंय. वंदनाने फोन हातभर लांब धरून पाहिलं, जवळ आणून पाहिलं. "हां. राहू दे त्याला," ती म्हणाली. वर्षा त्या दिवशी पहिल्यांदा मोकळी हसली.

दोघी मैत्रिणी झाल्या असं नाही. वर्षा अजून तिला "म्याडम"च म्हणते, आणि वंदना टोकावड्याला गेली तर प्रमिला चहा देते, पण फोन आणि कागदपत्रं आत नेऊन ठेवते. वंदनाला त्याचं वाईट वाटत नाही. आपण तिच्या जागी असतो तर चहाही दिला नसता, असं ती सतीशला म्हणाली.

यंदाच्या उन्हाळ्यात वर्षाने तिला एका गटात घातलं. देशोदेशीची माणसं तिथे दर आठवड्याला एक विषय घेऊन आपापलं छोटं चित्र टाकतात. त्या आठवड्याचा विषय होता फळ. वंदनाने फणस काढला. नऊ दिवस लागले, म्हणजे मुदत संपून गेली. फणसाचे काटे सोळा घरांत बसवायचे कसे? शेवटी एक घर सोडून एक असं गडद आणि फिकट भरत गेली, जशी चटई विणतात तसं, आणि लांबून बघितल्यावर ते काटे बोटाला टोचतील असे दिसले. तिने तो टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वंदना यार्डात ट्रकचा नंबर लिहीत होती, तोच वर्षा धावत आली. जेवणाची सुट्टी नव्हती तरी. गटातल्या कोणा मोठ्या माणसाने आदल्या संध्याकाळी फणसाखाली लिहिलं होतं, की पहिल्यांदा शिकणाऱ्याचं एवढं नेटकं काम बघितलं नाही. आणि तिथेच वंदनाला विचारलं होतं, तुम्ही कुठल्या, कोणाकडे शिकलात?

"काय उत्तर दिलंव तुमी?" वर्षाला धाप लागली होती.

"त्याला बंद करून टाकलं."

"म्हंजे?"

"त्याचं खातं. ओळख ना पाळख, आणि तोंड भरून कौतुक? कुठं राहता म्हणून विचारतो. मी म्हटलं, गडबड हाय."

वर्षाने कपाळाला हात लावला. "म्याडम, तो सगळ्यांना शिकवतो तिथं. आठ-आठ महिने लोक वाट बघतात त्याच्या एका शब्दाची!"

"असंल," वंदना म्हणाली, आणि ट्रकच्या नंबराचा शेवटचा आकडा पुन्हा एकदा बघून लिहिला. "शिकवत असंल तर आधी स्वतःचं नाव-गाव सांगू दे."

वर्षा कपाळावर हात ठेवून तशीच उभी होती. ट्रक गेला. धूळ खाली बसली. वंदनाने वहीवरून मान वर करून तिच्याकडे पाहिलं.

"खोल म्हणतेस?"

"खोला."

"बरं. पण उत्तर तू लिही. आणि आटगाव नको लिहू. नुसतं ठाणे जिल्हा लिही."